वाचकांचे प्रश्न : डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग

या वेळचे सगळे प्रश्न विद्यापीठातल्या एकाच अभ्यासक्रमाबद्दल आहेत. कुणी तो जावात शिकतंय, कुणी सी प्लस प्लसमध्ये, कुणी पायथॉनमध्ये. जिथे भाषेमुळे उत्तर बदलतं तिथे तसं सांगितलं आहे. बाकीचं सगळ्यांना सारखंच लागू आहे.

प्रश्न : प्रोग्रॅमिंगचा पहिला पेपर चांगल्या गुणांनी सुटला. हा अभ्यासक्रम सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. आधी काय वाचून ठेवावं?

वाचण्यापेक्षा लिहा. लूप, फंक्शन आणि अ‍ॅरे हे बघून न लिहिता जमलं पाहिजे. दुसरा अ‍ॅरे न घेता अ‍ॅरे उलटा करणं, दोन क्रमवार लावलेले अ‍ॅरे एकत्र करून तिसरा क्रमवार अ‍ॅरे बनवणं, एखाद्या मजकुरात प्रत्येक अक्षर किती वेळा आलं ते मोजणं, एवढं हाताखालून गेलं की पुरे.

खरी तयारी करायची ती रेफरन्सची. व्हेरिएबलमध्ये वस्तूच असते की वस्तूचा पत्ता, हे ज्याला ठाम सांगता येत नाही तो पुढे लिंक्ड लिस्टमध्ये (जिथे प्रत्येक नोड, म्हणजे घटकाचा डबा, पुढच्या नोडचा पत्ता सांभाळतो) हमखास अडकतो. पायथॉनवाल्यांनी एक प्रयोग करावा. तीन शून्यांची यादी घ्या आणि ती तिनाने गुणून तीन ओळींचा तक्ता बनवा, म्हणजे [[०] * ३] * ३. आता पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरात ७ लिहा आणि तक्ता छापा. तिन्ही ओळींत ७ दिसतील, कारण ओळी तीन नाहीतच. एकाच ओळीचा पत्ता तीनदा ठेवला गेला आहे. असं का झालं हे कागदावर चौकोन आणि बाण काढून स्वतःला सांगता आलं, तर तुमची तयारी झाली. जावावाल्यांनी दोन फंक्शनं लिहावीत. एकाला पूर्णांक द्या, दुसऱ्याला अ‍ॅरे, आणि दोन्हींत आत बदल करून बाहेर काय उरतं ते पाहा. सी प्लस प्लसवाल्यांनी तेच काम किंमत, रेफरन्स आणि पॉइंटर अशा तिन्ही तऱ्हांनी करावं.

प्रश्न : डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड हे दोन वेगळे विषय एकाच पेपरात का कोंबले आहेत?

कारण एक दुसऱ्याचं रक्षण करतो. प्रत्येक डेटा स्ट्रक्चर एका अटीवर उभं असतं. बायनरी सर्च ट्रीची अट अशी की प्रत्येक नोडच्या डावीकडचं सगळं त्याहून लहान आणि उजवीकडचं सगळं मोठं. मिन-हीपची अट अशी की कोणताही पालक आपल्या मुलांपेक्षा मोठा नसतो. लिंक्ड लिस्टमध्ये साइज ठेवला असेल तर तो नोडच्या खऱ्या संख्येइतकाच हवा. कोणतीही क्रिया सुरू होण्याआधी ही अट खरी असते आणि क्रिया संपल्यावरही ती खरी असावी लागते. मधल्या ओळींत ती थोडा वेळ मोडली तरी हरकत नाही.

ही अट बाहेरच्या कोडने मोडू नये म्हणून क्लास असतो. फील्ड प्रायव्हेट ठेवतात ते यासाठीच. म्हणून प्रत्येक क्लासच्या वर त्याची अट एका वाक्यात कॉमेंट म्हणून लिहा. ज्या क्लासची अटच सांगता येत नाही, त्याची रचना बहुधा अजून नीट ठरलेली नसते.

प्रश्न : लिंक्ड लिस्टमधला नोड काढताना कधी नल पॉइंटरची एरर येते, कधी अर्धी लिस्टच गायब होते. चित्र समजतं, कोड लिहिला की बिघडतं. काय चुकत असेल?

बहुतेक वेळा दोनच गोष्टी चुकतात. एक म्हणजे ओळींचा क्रम, दुसरी म्हणजे टोकाची प्रकरणं.

आधी क्रम पाहू. लिस्टमध्ये ४, ९, १५ आहेत आणि ९ नंतर १२ घालायचा आहे. ९ च्या नोडला 'क' म्हणू आणि १२ च्या नोडला 'नवा'. बरोबर क्रम असा: आधी नवा.नेक्स्ट = क.नेक्स्ट, मग क.नेक्स्ट = नवा. ओळी उलट्या झाल्या तर पहिल्याच ओळीत १५ कडे जाणारा एकमेव बाण पुसला जातो. दुसऱ्या ओळीत क.नेक्स्ट म्हणजे आता 'नवा'च, त्यामुळे नव्या नोडचा बाण स्वतःकडेच वळतो. लिस्ट छापायला गेलात की ४, ९, १२, १२, १२ असं अखंड चालू राहतं, आणि १५ कायमचा हरवतो. तेव्हा नियम असा: जो बाण पुसणार आहात तो जिथे नेतो, तो पत्ता आधी दुसरीकडे जपून ठेवा.

लिस्ट उलटी करतानाही हेच. तीन व्हेरिएबल लागतात: मागचा, सध्याचा आणि पुढचा. प्रत्येक फेरीत चार कामं, याच क्रमाने: पुढचा जपून ठेवणं, सध्याचा बाण मागच्याकडे वळवणं, मागचा म्हणजे सध्याचा करणं, सध्याचा म्हणजे पुढचा करणं. शेवटी हेड (लिस्टच्या पहिल्या नोडचा पत्ता) म्हणजे 'मागचा' करायचं. 'सध्याचा' तोवर नल झालेला असतो, आणि त्यालाच हेड केलं की पूर्ण लिस्ट रिकामी दिसते. ही चूक फार जणांकडून होते.

आता टोकाची प्रकरणं. कुठलीही मेथड लिहिली की ती पाच ठिकाणी चालवून पाहा: रिकामी लिस्ट, एकच नोड, पहिला नोड, शेवटचा नोड, आणि जी किंमत लिस्टमध्ये नाहीच. पहिला नोड काढताना हेड बदलावा लागतो, शेवटचा काढताना टेल (शेवटच्या नोडचा पत्ता), आणि एकच नोड असेल तर दोन्ही. एकुलता एक नोड काढून हेड नल केला पण टेल तसाच ठेवला, तर एरर लगेच येत नाही. ती येते पुढच्या वेळी शेवटी नोड घालताना, आणि तुम्ही शोधत बसता भलत्याच मेथडमध्ये. यावर उपाय म्हणजे लिस्टची अट तपासणारी एक छोटी मेथड लिहायची: हेडपासून टोकापर्यंत चालत जा, नोड मोजा, संख्या साइजशी जुळते का आणि शेवटचा नोड टेलच आहे का ते पाहा. चालताना मोजणी साइजच्या पुढे गेली तर तिथेच थांबून एरर द्या, नाहीतर स्वतःकडे वळलेल्या बाणावर ही मेथडच अडकून पडेल. असाइनमेंट संपेपर्यंत प्रत्येक बदलानंतर ती बोलवा. दहा ओळींची ही मेथड रात्रभराचा शोध वाचवते.

पहिल्या नोडचं वेगळं प्रकरण नको असेल तर सुरुवातीला एक बिनकिमतीचा नकली नोड ठेवा. मग प्रत्येक खऱ्या नोडच्या आधी एक नोड असतोच आणि निम्म्या इफ-अटी गळून पडतात.

सी प्लस प्लसमध्ये आणखी एक: नोड डिलीट केल्यावर त्याचा नेक्स्ट वाचायचा नाही. लिस्ट रिकामी करताना पुढचा पत्ता आधी घ्या, मग डिलीट करा. उलटं केलं तरी कधीकधी चालल्यासारखं दिसतं, कारण ती मेमरी अजून कुणी वापरलेली नसते. घरी चालतं आणि परीक्षकाच्या संगणकावर कोसळतं ते यामुळेच. कंपाईल करताना अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवा, म्हणजे ज्या ओळीत मुक्त केलेली मेमरी वाचली ती ओळच तो दाखवतो.

प्रश्न : माझा प्रोग्रॅम छोट्या टेस्टवर बरोबर उत्तर देतो, मोठ्या टेस्टवर वेळ संपतो. लूप तर एकच आहे, मग तो संथ का?

तुमच्या डोळ्यांना लूप एक दिसतो, पण दुसरा लूप मेथडच्या पोटात असतो. सरळ लिंक्ड लिस्टवर आय या क्रमांकाचा घटक मागितला की प्रत्येक वेळी हेडपासून चालावं लागतं. लिस्टमध्ये एक लाख घटक असतील तर सरासरी ५० हजार पावलं, आणि अशा एक लाख फेऱ्या म्हणजे सुमारे ५०० कोटी पावलं. साधा अंदाज असा धरा की सेकंदाला साधारण १० कोटी सोप्या क्रिया होतात. हिशेब तुम्हीच करा. इटरेटर (लिस्टमधली आपली जागा लक्षात ठेवून पुढे जाणारी वस्तू) वापरला की तेच काम एक लाख पावलांत होतं.

असे लपलेले लूप ओळखायला शिका. पायथॉनच्या यादीच्या सुरुवातीचा घटक काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात, त्यासाठी डेक (दोन्ही टोकांना घालता-काढता येणारी रांग) आहे. यादीत एखादी वस्तू आहे का हे विचारणं म्हणजे पूर्ण यादी चाळणं, त्यासाठी सेट आहे. जावात लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत गेलात तर दर वेळी आधीचा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो, त्यासाठी स्ट्रिंगबिल्डर आहे.

याउलट, अ‍ॅरेलिस्टच्या शेवटी घटक घालणं अधूनमधून महाग पडतं म्हणून घाबरू नका. अ‍ॅरे भरला की मोठा अ‍ॅरे घेऊन सगळं उतरवावं लागतं हे खरं. पण दर वेळी आकार दुप्पट केला तर १० लाख घटक घालेपर्यंत उतरवण्याचा एकूण खर्च २० लाख नकलांच्या आतच राहतो. आकार दर वेळी एकाने वाढवला तर हाच आकडा सुमारे ५० हजार कोटींवर जातो. स्वतःचा डायनॅमिक अ‍ॅरे लिहायला सांगतात तेव्हा गुण याच ओळीला असतात: आकार गुणायचा असतो, त्यात बेरीज करायची नसते.

प्रश्न : स्टॅकचा क्लास लिहायचा होता. लिस्टचा क्लास आधीच लिहिला होता, म्हणून स्टॅक त्यातून इन्हेरिट केला. प्रोग्रॅम बरोबर चालतो, तरी रचनेचे गुण कापले. हा अन्याय नाही का?

गुण बरोबर कापले आहेत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. इन्हेरिट केलं की लिस्टच्या सगळ्या पब्लिक मेथड स्टॅककडे येतात. मग कुणीही तुमच्या स्टॅकच्या मधोमध वस्तू घालू शकतो किंवा तळातली काढू शकतो. जी वस्तू शेवटी आली तीच आधी बाहेर, ही स्टॅकची अट कुणीही मोडू शकतो, आणि तुमचा क्लास त्याला अडवत नाही.

ही चूक विद्यार्थीच करतात असं नाही. जावाच्या मूळ लायब्ररीत स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासमधून इन्हेरिट केलेला आहे, त्यामुळे त्याच्या मध्येही घटक घालता येतो. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तो तसाच राहिला, पण आता जावाची अधिकृत माहितीच स्टॅकसाठी डेक वापरा असं सांगते.

करायचं असं: स्टॅकच्या आत लिस्ट एक प्रायव्हेट फील्ड म्हणून ठेवा आणि पुश, पॉप, पीक, रिकामा आहे का, एवढ्याच मेथड बाहेर द्या. प्रत्येक मेथड एका ओळीची होईल. आणि ही लिस्ट परत देणारा गेटर लिहू नका. प्रायव्हेट फील्डचा रेफरन्स बाहेर दिला की प्रायव्हेट नावालाच उरतं, कारण बाहेरचा कोड त्याच पत्त्यावर जाऊन हवं ते बदलू शकतो. यादी द्यायचीच असेल तर तिची प्रत द्या.

इन्हेरिटन्स कधी घ्यायचा याची कसोटी बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये मांडली. जिथे जिथे मूळ क्लासचं ऑब्जेक्ट चालतं, तिथे उपक्लासचं ठेवलं तरी वापरणाऱ्याचा भरवसा मोडता कामा नये. चौरस हा आयतच आहे असं भूमितीत शिकतो, पण आयताच्या क्लासमध्ये फक्त रुंदी बदलणारी मेथड असेल तर चौरस त्या कसोटीवर टिकत नाही. रुंदी बदलली तर उंची तशीच राहील असं धरून लिहिलेला कोड चौरसावर चुकीचं क्षेत्रफळ देतो.

प्रश्न : सी प्लस प्लसमध्ये 'आकार' या बेस क्लासच्या व्हेक्टरमध्ये वर्तुळ आणि चौरस घातले. क्षेत्रफळाची मेथड व्हर्च्युअल केली, तरी बेसचीच मेथड चालते. असं का?

व्हेक्टरमधल्या प्रत्येक घराचा आकार बेस क्लासइतकाच आहे. वर्तुळ त्यात ठेवताना फक्त बेसचा भाग उतरवला जातो, त्रिज्या बाहेरच राहते. घरात वर्तुळ नाहीच, त्यामुळे व्हर्च्युअलला (ऑब्जेक्टच्या खऱ्या प्रकाराची मेथड निवडणाऱ्या सोयीला) काही करता येत नाही. ऑब्जेक्टऐवजी पॉइंटर ठेवा, शक्यतो युनिक पॉइंटर. बेसचा डिस्ट्रक्टरही व्हर्च्युअल करा, नाहीतर बेस पॉइंटरमधून डिलीट करताना सी प्लस प्लस कशाचीच हमी देत नाही, आणि वर्तुळाचा डिस्ट्रक्टर बहुधा चालतच नाही. क्षेत्रफळ ही मेथड बेसमध्ये प्युअर व्हर्च्युअल (उपक्लासनेच लिहायची अशी) केली असती तर ही चूक कंपायलरनेच पकडली असती.

प्रश्न : हॅशमॅपमध्ये विद्यार्थ्याचं ऑब्जेक्ट की म्हणून टाकलं. तोच क्रमांक देऊन नवं ऑब्जेक्ट बनवलं आणि शोधलं, तर नल मिळतं. इक्वल्स मेथड लिहिली आहे. भाषा जावा.

हॅशकोड लिहिली नसणार. हॅशमॅप आधी हॅशकोडवरून कप्पा ठरवतो आणि इक्वल्स फक्त त्या कप्प्यातल्यांवर लावतो. तुम्ही हॅशकोड न दिल्यामुळे ऑब्जेक्टच्या ओळखीवरून ठरणारा मूळचा आकडा वापरला जातो, म्हणून दोन सारखी ऑब्जेक्ट बहुधा वेगळ्या कप्प्यांत पडतात. कधीकधी ती योगायोगाने एकाच कप्प्यात पडली तरी हॅशमॅप इक्वल्सच्या आधी पूर्ण हॅश जुळतो का ते पाहतो. इक्वल्समध्ये जी फील्ड तपासता तीच हॅशकोडमध्ये घ्या.

दोन्ही मेथड असूनही मिळत नसेल तर आणखी दोन जागा तपासा. इक्वल्सचा पॅरामीटर 'विद्यार्थी' प्रकारचा लिहिला असेल तर मूळ मेथड बदललीच नाही, त्याच नावाची दुसरी मेथड तयार झाली. पॅरामीटर 'ऑब्जेक्ट' प्रकारचाच हवा. वर ओव्हरराइडची खूण लिहिली की कंपायलर ही चूक लगेच दाखवतो. दुसरं, की मॅपमध्ये घातल्यावर तिचा क्रमांक बदलला असेल तर ती जुन्याच कप्प्यात राहते आणि शोध नव्या कप्प्यात होतो. म्हणून कीची फील्ड फायनल करा.

आणि दोन इंटिजर ऑब्जेक्ट दोन बरोबर चिन्हांनी कधी ताडू नका. १२७ आणि १२७ समान दिसतील, १२८ आणि १२८ वेगळे. उणे १२८ ते १२७ एवढ्या आकड्यांची ऑब्जेक्ट जावा आधीच बनवून ठेवते आणि तीच पुन्हा देते. त्यापुढे सहसा प्रत्येक वेळी नवं ऑब्जेक्ट. टेस्टमध्ये लहान आकडे वापरल्यामुळे ही चूक शेवटपर्यंत लपून राहते.

प्रश्न : ट्रीवरचं रिकर्शन डोक्यात बसत नाही. प्रत्येक कॉलच्या आत शिरून पाहिलं की गोंधळ होतो.

मग आत शिरू नका. डाव्या आणि उजव्या ट्रीसाठी फंक्शन बरोबर उत्तर देतं असं धरा आणि फक्त एका नोडचं काम लिहा. उंचीचं उदाहरण घ्या: रिकाम्या ट्रीची उंची शून्य, नाहीतर दोन्ही बाजूंच्या उंचींतली मोठी घेऊन त्यात एक मिळवा. एवढंच फंक्शन.

दोन चुका मात्र नेहमी होतात. नोड घालणारं फंक्शन नव्या ट्रीचं मूळ परत देत असेल, तर ते उत्तर मूळ.डावा किंवा मूळ.उजवा यात परत ठेवावं लागतं. नुसतं फंक्शन बोलावलं तर नोड बनतो, पण कुठेच जोडला जात नाही. एररही येत नाही.

दुसरी चूक ट्री बरोबर आहे का हे तपासताना होते. मुळाशी १०, त्याच्या डावीकडे ५, आणि ५ च्या उजवीकडे १२ असा ट्री घ्या. प्रत्येक नोड फक्त आपल्या मुलांशी ताडला तर सगळं ठीक दिसतं: ५ हा १० पेक्षा लहान, १२ हा ५ पेक्षा मोठा. पण १२ हा १० च्या डावीकडे आहे, म्हणजे अट मोडली. म्हणून खाली जाताना किमान आणि कमाल मर्यादा सोबत न्या. डावीकडे वळताना कमाल बदलते, उजवीकडे वळताना किमान.

आणि क्रमवार आकडे घालून ट्री तपासू नका. १ ते १ लाख ओळीने घातले तर ट्री न राहता उजवीकडे लोंबणारी लिंक्ड लिस्ट होते. संतुलित ट्रीत जिथे १७ पातळ्या पुरतात, तिथे एक लाख होतात. पायथॉनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० कॉलची असते, म्हणून प्रोग्रॅम हजाराच्या आसपासच थांबतो. मर्यादा वाढवून रोग बरा होत नाही. एव्हीएल ट्री, म्हणजे स्वतःला संतुलित ठेवणारा ट्री, १९६२ मध्ये मांडला गेला तो याच अडचणीवर.

प्रश्न : हे सगळं लायब्ररीत तयार असताना हाताने का लिहायचं?

लायब्ररी निवडायला तिच्या आत काय चालतं ते माहीत असावं लागतं. शिवाय लायब्ररीही चुकते. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागत. अ‍ॅरे फार मोठा झाला की ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते आणि उणे होते. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये हे उघड लिहिलं, तोवर ती चूक वर्षानुवर्षे तिथेच होती. दोन टोकांमधल्या अंतराचा निम्मा भाग खालच्या टोकात मिळवला की अडचण सुटते.

प्रश्न : व्हायव्हात सर्क्युलर क्यूवर हमखास विचारतात आणि मी तिथेच अडखळते. भरलेली आणि रिकामी क्यू ओळखायची कशी?

पाच घरांचा अ‍ॅरे घ्या. फ्रंट म्हणजे पुढचा घटक जिथून निघेल ते घर, रिअर म्हणजे पुढचा घटक जिथे जाईल ते घर. सुरुवातीला दोन्ही ० वर, क्यू रिकामी. पाच घटक घाला. प्रत्येक वेळी रिअरमध्ये एक मिळवून पाचाने भागल्यावरची बाकी घ्यायची, त्यामुळे पाचव्या घटकानंतर रिअर पुन्हा ० वर येतो. फ्रंट आणि रिअर पुन्हा समान, पण आता क्यू भरलेली आहे. नुसत्या त्या दोन आकड्यांवरून फरक कळणं शक्यच नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मग दोन उपाय सांगा. एक तर घटकांची संख्या वेगळी ठेवा. नाहीतर एक घर कायम मोकळं सोडा: रिअरच्या पुढचं घर फ्रंट असेल तर क्यू भरली, आणि पाच घरांत चारच घटक मावतात.

पुढचा प्रश्न बहुधा आकार वाढवण्याचा येतो, आणि तिथे बरेचजण अ‍ॅरे जसाच्या तसा उतरवतात. संख्या वेगळी ठेवली आहे, फ्रंट ३ वर आहे आणि पाचही घरं भरली आहेत असं समजा. घटकांचा खरा क्रम मग ३, ४, ०, १, २ या घरांचा. हे तसेच दहा घरांच्या अ‍ॅरेत ठेवले तर घर ४ नंतर ० ऐवजी रिकामं घर ५ येतं, आणि क्यू मधूनच तुटते. म्हणून नव्या अ‍ॅरेच्या आय या घरात जुन्या अ‍ॅरेतलं (फ्रंट + आय) ला पाचाने भागून उरणाऱ्या बाकीचं घर ठेवायचं, मग फ्रंट ० करायचा आणि रिअर ५. शेवटच्या या दोन ओळी विसरू नका. घटक बरोबर उतरवले आणि फ्रंट ३ च राहिला, तर पहिले तीन घटक क्यूत असूनही त्यांचा नंबर वेळेवर लागत नाही.